किनार चारी बाजूंना, रेषा एकाच दिशेला: एका छोट्या टेबलाचं प्रकरण

खुर्चीशेजारी ठेवायचं छोटं टेबल. माथा ४५० बाय ३८० मिमी, उंची ५५० मिमी. माथ्याची फळी सागवानाची, तिच्याभोवती चारही बाजूंनी शिसवाची ४० मिमी रुंद गडद किनार आणि कोपऱ्यांत ४५ अंशांचे तिरके सांधे. ओळखीतल्या एका मावशींनी ते दुरुस्तीला आणलं तेव्हा माथ्याला एका टोकापासून आत जवळपास १५० मिमी लांब तडा गेलेला होता, आणि चारही कोपऱ्यांच्या सांध्यांत तपकिरी पुट्टी भरलेली होती.

टेबल हातानेच बनवलेलं होतं आणि काम सफाईचं होतं. फळ्यांचे जोड शोधावे लागत होते, पाय सरळ उभे होते, रंध्याचा फटकारा कुठे दिसत नव्हता. बनवणाऱ्याचा हात मुरलेला होता हे नक्की, आणि तरीही दोन-तीन वर्षांत टेबल फाटलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

मावशींचं म्हणणं साधं होतं. "अरे, चीर बुजव आणि वरून पॉलिशचा हात मार. एवढंच."

तेवढंच केलं असतं तर पुढच्या कोरड्या हंगामात टेबल परत आलं असतं.

तपासणी

सांध्यांपासून सुरुवात केली. तिरका सांधा उघडला की आधी फटीचा आकार बघावा. कापताना कोन चुकला असेल तर फट पाचरीसारखी होते, आतल्या टोकाला मिटलेली आणि बाहेर उघडी, किंवा उलट. इथे पुट्टीची रेघ आतून बाहेरपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची होती, अर्धा-पाऊण मिमी, आणि चारही कोपऱ्यांत तशीच. म्हणजे कोन बरोबर कापले होते. सांधा चिकटवल्यानंतर दोन तुकडे एकमेकांपासून सरळ बाजूला सरकले होते.

कोपरे कधी उघडले, असं मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "दमट दिवसांत उघडायचे आणि नंतर आपोआप मिटायचे रे. मग एकदा उघडलेले असतानाच पुट्टी भरून घेतली. त्यानंतर कोपरे काही उघडले नाहीत. पण कोरडे दिवस आले आणि एका रात्री टेबलातून फाटकन आवाज आला."

अर्धं निदान या उत्तरातच होतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यासोबत फुगतं आणि आक्रसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या दिशेने, म्हणजे रेषेच्या लांबीत, ते जवळजवळ हलतच नाही. रेषेला आडवं मात्र चांगलंच हलतं. या टेबलाच्या माथ्याची रेषा ४५० मिमी लांबीच्या दिशेने होती, म्हणजे माथ्याची सगळी हालचाल रुंदीत. आता किनार बघा. लांब बाजूंची किनार माथ्याच्या रेषेला समांतर, त्यामुळे ती माथ्यासोबत आत-बाहेर सरकू शकते. आखूड बाजूंची किनार माथ्याच्या रेषेला आडवी, आणि तिची स्वतःची रेषा तिच्या लांबीत. तिची लांबी बदलत नाही. माथा तिच्या शेजारी फुगतो-आक्रसतो आणि ती टेकू लावल्यासारखी ठाम उभी.

दमट हवेत माथा रुंदावला की लांब बाजूंची किनार बाहेर ढकलली जाते, आखूड बाजूंची जागच्या जागी राहते आणि कोपरे उघडतात. हवा कोरडी झाली की माथा आत येतो आणि कोपरे मिटतात. मावशींना दिसत होतं ते नेमकं हेच. उघडलेल्या कोपऱ्यात घट्ट पुट्टी भरली तेव्हा परतीची वाट बंद झाली. पुढच्या कोरड्या दिवसांत माथ्याला आक्रसायचं होतं, पण लांब बाजूंच्या किनारी पुट्टीवर अडकून आखूड बाजूंच्या टोकांवर दाबून बसल्या. माथा दोन्हीकडून ताणला गेला आणि लाकूड रेषेला आडवं ताण सोसण्यात सगळ्यात कच्चं असल्यामुळे रेषेतून फाटला. पुट्टी नसती तरी कधीतरी तडा गेलाच असता. पुट्टीने तो लवकर आणला.

टेबल उलटं केलं तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या. माथा खालच्या चौकटीला आठ स्क्रूंनी घट्ट आवळलेला होता, स्क्रूंच्या भोकांत सरकायला जागाच ठेवलेली नव्हती. आणि वरच्या बाजूला जाड लॅकर, खालची बाजू कोरी. कोरी बाजू ओलावा लवकर घेते, लवकर सोडते. त्यामुळे माथ्याला बाकही आला होता. पट्टी आडवी ठेवल्यावर मधोमध उंचवटा जाणवत होता.

हिशेब

अंदाजाने बोलण्यापेक्षा आकडे मांडलेले बरे. ओल्या लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली यायला लागला की आक्रसणं सुरू होतं. तिथपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान झाडाच्या वाढीच्या वलयांच्या रोखाने, म्हणजे वलयांना स्पर्श करत जाणाऱ्या दिशेत, सुमारे ५.८ टक्के आक्रसतं. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत सुमारे २.५ टक्के. रेषेच्या लांबीत फक्त ०.१ ते ०.२ टक्के. इतर अनेक लाकडांच्या मानाने सागवान शांत आहे. बीचसारखं लाकूड वलयांच्या रोखाने ११ टक्क्यांहून जास्त आक्रसतं.

घरातल्या लाकडाचा ओलावा हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड हळूहळू ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ६५ टक्क्यांना १२, ८० टक्क्यांना १६ टक्के. वर्षभरात ८ ते १३ टक्के, म्हणजे ५ टक्क्यांचा चढउतार धरला तर तो अतिरेकी अंदाज नाही.

जुन्या माथ्याच्या फळ्यांच्या टोकांकडे पाहिलं तर वलयं आडवी पसरलेली होती. अशा फळीची रुंदी वलयांच्या रोखानेच असते, म्हणजे ५.८ चा आकडा लागू. पूर्ण ३८० मिमी रुंदीला हिशेब असा: ३८० चे ५.८ टक्के, भागिले ३०, गुणिले ५. उत्तर सुमारे ३.७ मिमी. किनारी वजा करून मधल्या ३०० मिमीचाच विचार केला तरी २.९ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमीच्या जरा आत. बाजू एवढी सरकली तर ४५ अंशांच्या सांध्यात जवळपास १ मिमी फट पडते. पुट्टीची अर्धा-पाऊण मिमीची रेघ या हिशेबात नीट बसत होती.

तेच सागवान, पण टोकाला वलयं उभी दिसणारी फळी घेतली तर २.५ चा आकडा लागतो आणि ३८० मिमीची हालचाल १.६ मिमीवर येते. फळी निवडतानाच निम्म्याहून जास्त प्रश्न कमी होतो. हे लाकूडवाल्याकडे फळ्या उलटून टोकं बघण्याइतकं सोपं आहे, आणि तरी बहुतेक जण फळीचा फक्त चेहरा बघतात.

काय करता आलं असतं

हिशेब झाल्यावर मावशींना सांगितलं की बुजवून भागणार नाही, माथा नव्याने करावा लागेल. त्या तयार झाल्या, पण अटी घातल्या. लाकूड भरीव हवं, प्लायवूड नको. किनार चारही बाजूंना दिसली पाहिजे. "किनारच नसेल तर मला ते टेबल नकोच."

त्यांच्या डोक्यातला नमुना एका जुन्या टेबलाचा होता. तशी टेबलं शतकभर टिकलेली दिसतात, मग हे का टिकलं नाही, असा त्यांचा रास्त प्रश्न. त्या जुन्या टेबलांच्या माथ्यावर बऱ्याचदा लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, स्थिर पायावर चिकटवलेला असतो. वरून भरीव दिसतं, आत बांधणी वेगळी असते. छायाचित्र पाहून भरीव लाकडात तोच आकार उतरवला की असा घोटाळा होतो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर अशा माथ्याला चांगलं प्लायवूड आणि त्यावर जाड व्हिनियर हाच सगळ्यात निर्धास्त मार्ग. भरीव लाकूड म्हणजे अस्सल आणि बाकी सगळं नकली, हा समज सुतारकामाचं नुकसान करतो. पण टेबल त्यांचं होतं.

दुसरा मार्ग दाराच्या तावदानासारखा. भोवती शिसवाची मजबूत चौकट, तिच्या आतल्या कडेला खोबण, आणि सागवानाची फळी त्या खोबणीत गोंद न लावता मोकळी. ही बांधणी अत्यंत भरवशाची, फळी आत हवी तेवढी हलते. पण माथ्यावर चारही बाजूंना फट राहते. कपाचा तळ तिच्यावर अर्धवट बसतो, धूळ साचते. दारासाठी उत्तम, माथ्यासाठी नाही.

तिसरा, फक्त आखूड बाजूंना आडव्या पट्ट्या, लांब कुसू (खाचेत बसणारी जीभ) काढून बसवलेल्या, मधोमध गोंद आणि टोकांकडे लांबट भोकांतून खुंट्या. जेवणाच्या मोठ्या टेबलांना हे शोभतं. पण हंगामानुसार पट्टीची टोकं माथ्याच्या कडेपेक्षा पुढे किंवा मागे जातात आणि बोटाला पायरी लागते. शिवाय मावशींना चारही बाजू हव्या होत्या.

चौथा मार्ग हिशेबाकडे बघतानाच सुचला. भांडण किनारीच्या रंगाचं नव्हतं, रेषेच्या दिशेचं होतं. आखूड बाजूच्या किनारीची रेषाही माथ्याच्याच दिशेने ठेवली तर? म्हणजे लांब पट्टीऐवजी शिसवाचे छोटे तुकडे शेजारी शेजारी लावायचे, प्रत्येकाची रेषा किनारीला आडवी आणि माथ्याला समांतर. मग माथा रुंदावला की किनारही तेवढीच रुंदावते. शिसवाचे आकडे सागवानाच्या अगदी जवळ आहेत: वलयांच्या रोखाने ५.८, गाभ्याकडून सालीकडे २.७ टक्के. दोन्ही लाकडं उभ्या वलयांची घेतली तर ३८० मिमी रुंदीत दोघांच्या हालचालीतला फरक एक-दीड दशांश मिलिमीटरचा. एवढा फरक गोंद आणि लाकूड मिळून पोटात घालतात.

एक अडचण होती. माथ्याचं टोक आणि तुकड्याचं टोक समोरासमोर चिकटवलं तर तो जोड कमजोर. तंतूंची उघडी टोकं गोंद शोषून घेतात आणि सांधा कोरडा राहतो. त्यामुळे किनार कडेला बाहेरून न लावता माथ्याच्या अंगावर बसवायची ठरवली. कडेने उथळ पायरी काढायची आणि तिच्यात शिसवाचे पातळ तुकडे वरून चिकटवायचे. मग गोंद तुकड्याच्या पोटाला आणि पायरीच्या तळाला लागतो, दोन्हीकडे रेषा समांतर, आणि तो जोड लाकडाइतकाच मजबूत होतो.

रेषा एकाच दिशेने आल्यामुळे तिरक्या सांध्याचं कारणही संपलं. लांब बाजूची पट्टी टोकापर्यंत सरळ नेली आणि आखूड बाजूचे तुकडे दोन पट्ट्यांच्या मध्ये घेतले तर सांधा रेषेतच हरवतो. मावशींना तिरकी रेघ हवी होती. टाकाऊ तुकड्यावर कोपऱ्याचा नमुना करून दाखवला, तेव्हा जोड कुठे आहे ते त्यांना बोट ठेवून सांगता येईना. त्यावर तो विषय मिटला.

बांधणी

शिसव विकत घ्यायची गरज पडली नाही. जुन्या टेबलाची किनारच वापरली. हे बरंही झालं, कारण शिसव ज्या वंशातलं आहे तो संपूर्ण डालबर्जिया वंश २०१७ पासून सायटेस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षण-यादीत आहे आणि देशोदेशीच्या त्याच्या व्यापारावर निर्बंध आहेत. जुन्या पलंगाचे, खिडक्यांचे, खुर्च्यांचे तुकडे असतील तर आधी तेच बघावेत. जुनं शिसव मुरलेलंही असतं.

सागवानाच्या उभ्या वलयांच्या फळ्या आधी टेबल जिथे राहणार त्याच खोलीत नेऊन ठेवल्या, मधे पातळ पट्ट्या घालून, चारही बाजूंनी हवा फिरेल अशा. प्रत्येकीवर पेन्सिलने रुंदी आणि तारीख. रुंदी बदलायची थांबली की लाकूड त्या खोलीचं झालं. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर फळीच्या आतल्या भागातून एक चकती कापावी, वजन करावं, १०३ अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी आणि पुन्हा वजन करावं. ११२ ग्रॅमची चकती १०० ग्रॅमवर आली तर ओलावा १२ टक्के, कारण टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात. टोकाची चकती घेऊ नये, टोक बहुतेक वेळा जास्त कोरडं असतं.

माथ्यासाठी ३ फळ्या, जाडी २० मिमी. जोडाच्या कडा रंधताना शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या समोरासमोर धरून एकत्र रंधल्या. रंधा थोडा कलला तरी दोन्ही कडांना एकमेकींना पूरक कोन मिळतो आणि उघडल्यावर माथा सपाट येतो. सागवानात सिलिका असते, तिने रंध्याची आणि पटाशीची धार पटकन बसते. ३० अंशांची धार पुन्हा पुन्हा लावत राहावं, धार गेल्यावर जोर लावण्यात अर्थ नाही. दोन्ही लाकडं तेलकट असल्यामुळे गोंद लावायच्या जरा आधी जोडाचा पृष्ठभाग नव्याने रंधून अॅसिटोनच्या फडक्याने पुसला. जुना, हवा लागलेला पृष्ठभाग गोंद नीट धरत नाही.

पायरी १८ मिमी रुंद आणि साडेतीन मिमी खोल. रेषेला समांतर बाजू रिबेट रंध्याने, म्हणजे कडेला पायरी काढायच्या रंध्याने, सहज निघतात. रेषेला आडव्या बाजूंना आधी धारदार सुरीने खोल रेघ मारली, तिच्यात बारीक दातांच्या करवतीने पायरीच्या खोलीपर्यंत काप घेतला आणि मगच रंधा चालवला. सुरीची रेघ नसेल तर रंधा तंतू उचकटतो आणि किनारीच्या आतली कडा कुरतडल्यासारखी दिसते. गडद-फिक्या लाकडाच्या सीमेवर ते लांबूनही दिसतं. या टेबलाचं सगळं देखणेपण त्या एका रेघेवर आहे, म्हणून इथे वेळ घालवला.

शिसवाच्या जुन्या पट्ट्या आधी जाडीत चिरून ५ मिमीच्या केल्या. लांब बाजूंसाठी त्यांतल्याच सरळ रेषेच्या निवडून १८ मिमी रुंदीच्या कापल्या. आखूड बाजूंसाठी ४० मिमी रुंद पट्टीच्या आडव्या चकत्या पाडल्या, प्रत्येकी १९ मिमीच्या. दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये ३४४ मिमी जागा उरत होती. एका बाजूला ९ तुकडे, प्रत्येकी ३८ मिमीच्या किंचित वर. एकाच पट्टीतून ओळीने पाडलेल्या चकत्यांवर क्रमांक घातले आणि त्याच क्रमाने बसवले, त्यामुळे रंगाची छटा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ वाहते. आडवी रेषा शिसवाच्या गडदपणात फारशी ओळखू येत नाही. उजेडात तिरकं बघितलं तर दिसते, आणि मला तरी ती लांब पट्टीपेक्षा जास्त आवडते. शिसवाची धूळ नाका-डोळ्यांना आणि कातडीला त्रास देते, काहींना अंगावर पुरळही उठतं. करवतीचं काम असलं तरी मास्क लावावा.

तुकडे चिकटवताना एकेकाला वेगळा क्लॅम्प लावत बसण्यापेक्षा वरून एक जाड सरळ पट्टी ठेवून सगळे एकदम दाबले. मधे प्लास्टिकचा कागद, नाहीतर पट्टीही टेबलाचा भाग होते. गोंद वाळल्यावर वर राहिलेलं शिसव रंधून माथ्याच्या पातळीला आणलं. टोकांकडे रंधा नेहमी बाहेरून आत चालवावा. आतून बाहेर नेला की कडेचा तुकडा सुटून जातो.

पायांबद्दल थोडक्यात. पाय ३५ मिमी चौरस, खाली २२ मिमीपर्यंत निमुळते, आणि निमुळतेपण फक्त आतल्या दोन बाजूंना. बाहेरच्या बाजू सरळ राहिल्या की टेबल पाय फाकवून उभं असल्यासारखं दिसत नाही. पायाच्या टोकाला वलयं कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकी जाणारी निवडली, म्हणजे चारही अंगांवर रेषा सारखी दिसते. मावशींना पायांवर नक्षीही हवी होती. किनारीवर नजर जायची असेल तर पायांनी गप्प राहावं, एवढं मी त्यांना पटवलं.

चौकटीच्या पट्ट्या २२ मिमी जाड, ७५ मिमी रुंद. कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावं असं म्हणतात, ते इथे ७.३ मिमी होतं. हातात पटाशी ८ मिमीची होती, म्हणून कुसू ८ मिमी. खाच पटाशीच्या रुंदीचीच असते, पटाशी खाचेच्या मापाची शोधत बसू नये. खाचा पायाच्या वरच्या टोकाजवळ येतात, तिथे मोगरीच्या घावाने पाय चिरण्याची भीती. त्यासाठी पाय वरून २० मिमी जास्त लांब ठेवले आणि जोड वाळल्यावर वाढीव भाग कापला. निमुळतं करणं खाचा झाल्यानंतर. आधी केलं तर गुण्या टेकवायला सरळ बाजूच उरत नाही.

माथा चौकटीवर बसवणं हा या प्रकरणाचा दुसरा निम्मा भाग. स्क्रू थेट चौकटीतून वर नेले नाहीत. चौकटीच्या पट्ट्यांना आतून ६ मिमी रुंद खोबण काढली आणि जुन्या फाटलेल्या माथ्याच्या लाकडातून लहान ठोकळे केले. प्रत्येकाला एका टोकाला जीभ. जीभ खोबणीत, ठोकळा स्क्रूने माथ्याला. माथा खाली ओढून धरलेला राहतो पण आडवा सरकू शकतो. लांब पट्ट्यांवरच्या ठोकळ्यांच्या जिभेपुढे २ मिमी जागा ठेवली, कारण माथ्याची रुंदी त्यांच्याकडे आणि त्यांच्यापासून दूर सरकते. आखूड पट्ट्यांवर ठोकळे खोबणीच्या लांबीत घसरतात, तिथे वेगळी जागा सोडावी लागत नाही. चौकटीला गोंद कुठेही माथ्याशी लावलेला नाही.

पॉलिश

सागवान फिकं, शिसव गडद. पॉलिश पेपरने घासलं तर शिसवाची काळपट भुकटी सागवानाच्या छिद्रांत भरते आणि किनारीजवळचा माथा मळलेला दिसतो. म्हणून शेवटची सफाई स्टीलच्या खरवडपट्टीने केली, नेहमी सागवानाकडून शिसवाकडे. लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट शिसवाचा रंग सोडवून आणतं, त्यामुळे लाखेचं फडकं सगळ्या माथ्यावर फिरवणं धोक्याचं. उलट, शिसवातलं तेल तेल-वार्निशला लवकर सुकू देत नाही. दोन्ही अडचणींतून वाट अशी काढली: लाखेचा एक पातळ हात लहान ब्रशने फक्त किनारीवर, सीमारेषेच्या आत थांबून. तो सुकल्यावर सगळ्या माथ्याला जवसाचं तेल आणि वार्निश यांच्या मिश्रणाचे पातळ हात, फडक्याने लावून पुसून. जेवढे हात वर, तेवढेच खाली. खालची बाजू कोणी बघत नाही, पण ओलावा दोन्हीकडून येतो.

तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

नंतर

टेबलाने दमट आणि कोरडे दोन्ही हंगाम पाहिले. माथ्याच्या रुंदीतला फरक दीड मिमीच्या आत राहिला, हिशेबाच्या जरा खालीच. पॉलिशने ओलाव्याचा वेग मंदावतो, थांबत नाही. ठोकळ्यांच्या जिभा खोबणीत सरकल्याच्या खुणा आतून दिसतात. कोपरे आणि किनार जागच्या जागी आहेत. एका आखूड बाजूला दोन तुकड्यांच्या मध्ये कोरड्या दिवसांत केसासारखी रेघ दिसते आणि नंतर जाते. तिच्याकडे बोट दाखवून मावशींनी पुट्टीबद्दल विचारलंच. हात लावू नका म्हटलं.

ही रीत प्रत्येक टेबलाला चालेल असं नाही. माथा ६०० मिमीपेक्षा रुंद असेल, किंवा किनारीचं लाकूड माथ्याच्या लाकडापेक्षा फार वेगळं हलणारं असेल, तर दोघांतला फरक वाढत जातो आणि पातळ तुकडे सुटू लागतात. बीचच्या माथ्यावर शिसवाची किनार मी अशी बसवणार नाही. आडव्या वलयांच्या फळ्यांना रीत चालते, पण मग किनारही आडव्या वलयांचीच हवी. आणि तुकड्यांची जाडी ४ मिमीच्या आसपासच असावी. त्याहून जाड तुकडा स्वतःच्या मर्जीने हलायला लागतो, फार पातळ असला तर पुढे कधी रंधून नव्याने पॉलिश करायला लाकूडच उरत नाही.

रंगाचा फरक मात्र कमी होत जाणार. उजेडात सागवान सोनेरी-तपकिरी होत जातं आणि शिसवाची काळपट-जांभळी छटा उतरून ते तपकिरीकडे झुकतं. पहिले काही महिने टेबलावर दिवा किंवा फुलदाणी एकाच जागी ठेवू नये, नाहीतर तिच्या तळाएवढा फिका गोल माथ्यावर उरतो. मावशी दर आठवड्याला धूळ पुसताना दिवा सरकवून ठेवतात.